पाहुणा ७७१४

एका म्हाताऱ्याच्या छातीचा एक्स-रे काढताना हेमांगीचा फोन वाजला आणि म्हाताऱ्यानं रोखून धरलेला श्वास सोडला. चूक तिची होती. फोन बंद करून काचेमागं यायचं, हा तिचा सोळा वर्षांचा रिवाज होता. पडद्यावर बरगड्या पुसट आल्या. तिनं म्हाताऱ्याला पुन्हा उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढं, श्वास घ्या, धरा, सोडा, आणि तो गेल्यावर फोन पाहिला. 'कुंदन टेबलवर आपली वाट पाहत आहे.' खाली निळ्या अक्षरांत एक लिंक. कुंदन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सारंगखेड्याला राहणारा, घरची शेती करणारा, आणि चार वर्षं तिच्याशी एक अक्षरही न बोललेला. ती खुर्चीवर बसली. टेबल कुठलं, हे तिला कळेना. त्यांच्या घरी टेबल नव्हतं. वाट पाहत आहे, हे मात्र तिनं तीन-चारदा वाचलं. असं मराठी कुंदन लिहिणार नाही, हे तिला पहिल्यांदा वाचतानाच कळलं होतं. तरी तिनं वाचलं.

बाहेर नोंदणीच्या खिडकीत तबस्सुम बसायची. दोघी एकाच वर्षी या दवाखान्यात लागलेल्या, दोघींचेही केस इथंच पिकायला लागलेले. हेमांगीनं तिला फोन दाखवला तेव्हा तबस्सुम हसली नाही, पण तिला त्यात विशेष काही वाटलंही नाही. "ताई, हाई त्यानी धाडेल नही," ती म्हणाली. "फोनच धाडस. मन्हा फोनमाईन नळवालाले बी असंच गयतं." मग तिनं समजावून सांगितलं, की हा पत्त्यांचा खेळ आहे, पोकर म्हणतात, पूर्वी पैशांवर चालायचा, सरकारनं बंद केल्यापासून नुसत्या खोट्या नाण्यांवर चालतो, आणि माणसानं तो घेतला की त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना आपोआप आमंत्रण जातं. म्हणजे कुंदनला ठाऊकही नसणार. हेमांगीनं मान हलवली. आत येऊन तिनं दार लावलं. आता तिला निश्चित ठाऊक झालं होतं, की कोणी तिची वाट पाहत नव्हतं. त्यावर तिला थोडं मोकळं वाटलं आणि थोडं अपमान झाल्यासारखं. चार वर्षांत कुंदनच्या फोनमधून तिचा नंबर पुसला गेला नव्हता, एवढं एक त्यातून नक्की होत होतं.

दुपारी एक ते तीन या वेळात डॉक्टर घरी जातात. त्या दोन तासांत एक्स-रेच्या खोलीत कोणी येत नाही. यंत्रासाठी लावलेला एसी चालू असतो, भिंतीवर शिशाचे एप्रन लटकत असतात. हेमांगी तिथंच डबा खाते. नवरा, गिरधर, काठी गावाकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. मुलगी पुण्याला शिकते. त्यामुळं आठवड्याचे पाच दिवस ती जे काही करते, ते कोणी पाहत नाही. ही गोष्ट तिला कधी सुखाची वाटते, कधी तिचा विचारच येत नाही. त्या दुपारी तिनं लिंकवर बोट ठेवलं. खेळ फोनमध्ये उतरायला काही मिनिटं लागली. त्यानं नाव विचारलं. तिनं 'हे' एवढं एक अक्षर लिहिलं आणि पुसलं. मग खेळानंच एक नाव सुचवलं, पाहुणा ७७१४. तिनं तेच घेतलं. दहा हजार नाणी फुकट मिळाली. हिरव्या लंबगोलाभोवती सहा जागा होत्या. तीन भरलेल्या. मिथुन शहादा. भिला. आणि कुंदन, त्याच्या नावाशेजारी एका पांढऱ्या घोड्याचं चित्र. चौथ्या जागेवर ती आपोआप बसली.

पहिल्या दिवशी अकरा मिनिटांत तिची सगळी नाणी गेली. तिला वाटत होतं मोठं पान असलं की झालं. घरी मेंढीकोट खेळायचे त्यात हुकूम असायचा, इथं हुकूम नव्हता. हातात फक्त दोन पानं, ती एकट्यालाच दिसणारी, आणि मधे हळूहळू उघडत जाणारी पाच, सगळ्यांची. आधी तीन, मग एक, मग एक. प्रत्येक वेळी विचारत, राहता का, वाढवता का, टाकता का. तिच्याकडं राजा होता म्हणून ती राहिली, आणि कोणाच्या तरी दोन तिर्र्यांनी राजाला हरवलं. हे तिला अन्यायाचं वाटलं. घरी जाऊन तिनं एका मुलाचे हिंदी व्हिडिओ पाहिले. मुलगा फार उत्साही होता, पण समजावून नीट सांगायचा. जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सलग पाच, एका रंगाची पाच. नवख्यानं दहांतले आठ हात सुरुवातीलाच टाकून द्यावेत. शेवटी बोलायला मिळणारी जागा सगळ्यांत चांगली, कारण तोवर बाकीचे बोलून झालेले असतात. आणि समोरच्याचा चेहरा दिसत नसला तरी तो किती वेळ घेतो हे दिसतं, ते पाहत जा. हेमांगीनं हे सगळं एका जुन्या औषध कंपनीच्या वहीत लिहून काढलं. कॉलेजात रेडिओग्राफीच्या नोट्स काढायची तशीच, तांबड्या शाईनं शीर्षकं, निळ्या शाईनं मजकूर. आपण हे कशासाठी करतो आहोत, असा प्रश्न तिनं स्वतःला विचारला आणि उत्तराची वाट न पाहता पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी खेळानं पुन्हा फुकट नाणी दिली, आणि तेव्हापासून ती उलट्या टोकाला गेली. जवळजवळ सगळेच हात टाकून द्यायला लागली. पानं आली की टाक. पुष्कळदा ती काय आहेत हे नीट पाहायच्या आधीच तिचं बोट पडलेलं असायचं. त्यात एक गुळगुळीत सुख होतं. टाकलं की आपल्याला काही ठरवायचं राहत नाही, बाकीचे आपसांत लढतात, आपण बघायचं. ती कुंदनला बघत असे. दुपारी दीडच्या सुमारास तो यायचा, म्हणजे शेतातल्या मोटरीला तेव्हा वीज येत असणार आणि पाणी वाफ्यातून सरकेपर्यंत तो बांधावर बसत असणार. तिला तो बांध माहीत होता. तिथून तापीचं पात्र दिसत नाही, पण संध्याकाळी वारा फिरला की ओला वास येतो. खेळाच्या बाजूला लिहायला एक चौकट होती, तिच्यात भिला आणि मिथुन सारखं काहीबाही लिहायचे. एकदा भिलानं लिहिलं, हा पाहुणा कोण आहे, काहीच बोलत नाही. कुंदननं लिहिलं, बसू दे, शिकतोय तो. मग थोड्या वेळानं पुन्हा, तिच्यासाठी: "भाऊ, पत्ता देखाना आधी टाकू नको. देख, मंग टाक."

हेमांगीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. एका अनोळखी माणसाशी तो किती सौम्यपणानं बोलला होता. तिला राग आला, आणि राग ओळखायलाही काही क्षण लागले, कारण तो फार दिवसांनी आला होता. आई आधीच गेली होती. चार वर्षांपूर्वी, वडीलही गेल्यावर दीड महिन्यानं, कुंदन सकाळी गाडी घेऊन नंदुरबारला आला होता. शहाद्याला जायचं आहे, रजिस्ट्रारच्या ऑफिसात, एक सही आहे. ती कसली हे तिला माहीत होतं. हक्कसोड, वडिलांच्या जमिनीवरची. बहिणी करतात, तिच्या नात्यातल्या सगळ्याच बहिणींनी केली होती. गाडीत तो पपईवर पडलेल्या रोगाबद्दल बोलत राहिला. ऑफिसात कागद तयार होते. पानांच्या कडेला दोघांचे फोटो आधीच चिकटवलेले होते. तिचा फोटो पाहून ती चपापली. निळी साडी, कपाळावर जरा वाकडी टिकली. हा तिनं पारपत्रासाठी काढला होता, घरातल्या कपाटात होता, कुंदनला तिनं दिला नव्हता. म्हणजे गिरधरनं दिला होता. म्हणजे तारीख, कागद, फोटो, सगळं ठरून मग ती गाडीत बसली होती. कारकुनानं विचारायला तोंड उघडलं, की बाई, तुम्ही हे राजीखुशीनं... तोवर ती हो म्हणून गेली होती. कारकून म्हणाला, आधी ऐकून तर घ्या. येताना कुंदन गप्प होता. घराच्या कोपऱ्यावर तिला उतरवून तो पाणी न पिता गेला. त्यानंतरच्या भाऊबीजेला तो आला नाही आणि ती गेली नाही. भांडण झालं नाही, त्यामुळं मिटवायलाही काही नव्हतं. गिरधरला तिनं फोटोबद्दल कधी विचारलं नाही. जमीन हवी होती का, हे ती पुष्कळदा स्वतःला विचारी, आणि प्रामाणिक उत्तर असं होतं, की जमिनीचं तिला काही करता आलं नसतं. पण त्या उत्तरानं काही शांत होत नसे.

ती खेळत राहिली. आता पानं पाहून मग टाकायची. तीन आठवड्यांत तिला बरंच समजायला लागलं. कधी राहायचं, कधी जरा वाढवून समोरच्याला पळवायचं. आपल्याकडं काही नसताना नाणी पुढं सरकवायला ती पहिल्यांदा शिकली तेव्हा मिथुननं पानं टाकून दिली. तिच्याकडं दुर्री आणि सत्ती होती. ती खोटं बोलली होती आणि एका प्रौढ माणसानं ते मानलं होतं. तिचा पुढचा पेशंट मनगट मोडलेली एक मुलगी होती, तिला दुखणार नाही असं सांगताना हेमांगीला आपला आवाज नेहमीपेक्षा खात्रीचा वाटला. कुंदनचंही तिला कळलं होतं, पण ते खेळून कळलेलं नव्हतं. त्याच्याकडं चांगली पानं असली की तो वेळ घ्यायचा. हातात काही नसलं की झटक्यात वाढवायचा. लहानपणी तो हेच करायचा. उन्हाळ्यात ओसरीवर चौघं मेंढीकोट खेळत, आई आणि कुंदन एका बाजूला, वडील आणि ती दुसऱ्या. हुकमाची पानं आली की कुंदन एकदम मुका व्हायचा आणि पाय हलवायचा. तिला ते दिसायचं. दिसूनही ती आपलं मोठं पान मुद्दाम वाया घालवायची, कारण हरला की तो जेवत नसे. वडिलांना एकदा ते कळलं. ते खेळ थांबवून तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, तू टाकलंस. ती नाही म्हणाली. त्यांनी पानं खाली ठेवली आणि गोठ्याकडं निघून गेले. ते का रागावले हे तेव्हा तिला कळलं नव्हतं. तिला वाटलं होतं आपण चांगलं वागलो.

मार्गशीर्ष लागला होता. एका गुरुवारी दुपारी भिला आणि मिथुन लवकर उठून गेले, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजाराच्या तयारीचं काहीतरी काम होतं. टेबलावर दोघंच उरली. तिनं उठायला हवं होतं. ती उठली नाही. तिच्या हातात दोन नव्व्या आल्या. मधे राजा, चौकी, दुर्री उघडली. कुंदननं थोडी नाणी सरकवली, ती राहिली. मग एक्का. पुन्हा थोडी, पुन्हा ती राहिली. मग छक्की. आता मधे राजा होता, एक्का होता, आणि तिच्याकडं फक्त नव्व्यांची जोडी. त्याच्याकडं यांतलं एक जरी असेल तर ती हरली. आधी तिचं बोलणं होतं, तिनं काही न वाढवता पाळी त्याच्याकडं सोडली, आणि तिचं बोट उचललं जायच्या आत कुंदननं सगळीच्या सगळी नाणी पुढं ढकलली. सगळी. खेळानं तिला तीस सेकंद दिले. नावाभोवतीचं वर्तुळ कमी व्हायला लागलं. वहीतल्या नियमांप्रमाणं टाकायला हवं होतं. बोट सवयीनं टाकण्याच्या चौकोनाकडं गेलंही. नाणी खोटी होती, हरण्याजिंकण्यानं कोणाचं काही जाणार नव्हतं, तरी तिच्या कानात रक्ताचा आवाज यायला लागला. त्याच्याकडं काही नाही, हे तिला माहीत होतं. माहीत असून टाकणं आणि माहीत नसून टाकणं, यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. पाच सेकंद राहिले असताना ती 'राहते' म्हणाली. म्हणजे तिनं बोटानं दाबलं, पण ओठही हलले होते. पानं उघडली. कुंदनकडं गुलाम आणि सत्ती. काहीच नाही.

बराच वेळ हिरवं टेबल तसंच राहिलं. मग चौकटीत अक्षरं आली. "तुले कसं समजनं?" तिनं तीन आठवड्यांत तिथं एकदाही काही लिहिलं नव्हतं. दवाखान्यात ती प्रमाण मराठी बोलते, गिरधरशीही तशीच बोलते. माहेरची भाषा लिहिताना कुठलं अक्षर घ्यावं हे तिला पटकन सुचेना. तिनं सावकाश लिहिलं, "हातमा काही नसनं म्हंजे तू घाई करस. न्हानपनपाईन." पाठवलं, आणि पाठवल्यावर तिला भीती वाटली नाही. उलट थोडा थकवा आला. उत्तर आलं, "अक्का?" एवढंच. तिनं लिहिलं, "हां." मग टेबलावरून घोड्याचं चित्र नाहीसं झालं आणि पाठोपाठ तिचा फोन वाजला.

सुरुवातीला दोघंही भलतंच बोलली. त्यानं जेवण झालं का विचारलं, तिनं मोटर चालू आहे का विचारलं. मागं पाण्याचा आवाज येत होता. तू किती दिवसांपासून बसतेस, त्यानं विचारलं. तीन आठवडे, ती म्हणाली. तो म्हणाला, मी तुला भाऊ, भाऊ म्हणत होतो. त्यावर तो हसला, पण हसू मधेच राहिलं. हेमांगी उभी राहिली, खोलीत दोन पावलं चालली आणि तिनं विचारलं, "कुंदन, तू माले इचारं काबर नही?" काय, असं त्यानं म्हटलं नाही. त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "इचारतू ते तू नही म्हनती का?" ती म्हणाली, "नही. हां म्हनतू." आणि तो म्हणाला, "त्यानाच भ्याव वाटे माले." मग तो अडखळत, मधेच थांबत सांगत राहिला, की तिनं तोंडानं हो म्हटलं असतं तर जन्मभर तिच्यासमोर घेणारा म्हणून उभं राहावं लागलं असतं. कागदच पुढं केला की ते रिवाजाचं होतं, ऑफिसाचं होतं, त्यात त्याचं काही नव्हतं. असं त्याला वाटलं होतं. शहाद्याहून परतताना कळलं होतं की तसं नसतं. मग यायला तोंड राहिलं नाही. हेमांगी ऐकत होती. त्याच्यावर दया यावी असं त्यात होतं, आणि ती आली नाही. रागही आला नाही. आपल्या भावाला हे सगळं चार वर्षं माहीत होतं, एवढीच एक नवी गोष्ट तिच्यासमोर पडली होती आणि ती तिच्याकडं बघत होती. रविवारी ये, तो म्हणाला. तिनं येते म्हटलं.

शनिवारी गिरधर आला. त्याचं जेवण होईपर्यंत ती थांबली आणि मग फोटो तुम्ही दिला होता का, असं तिनं विचारलं. कुठला फोटो, असं त्यानं आधी विचारलं. मग त्यानं हात पुसले. मग म्हणाला, त्यानं मागितला, मी दिला, मला वाटलं तुमचं बोलणं झालं असेल. तुम्ही मला विचारलं नाही, ती म्हणाली. तूही कधी विषय काढला नाहीस, तो म्हणाला. हे खरं होतं. तिनं ताट उचललं. रात्री त्यानं, मीही येऊ का, असं दोनदा विचारलं. ती नको म्हणाली.

शहाद्याला बस बदलून ती अकराला सारंगखेड्याला उतरली. यात्रेच्या मैदानात बांबू रोवले जात होते, ट्रकांतून पहिले घोडे उतरत होते. कुंदन स्टँडवर उभा होता. जाड झाला होता, कानाजवळ पांढरं आलं होतं. चेहऱ्याऐवजी लावलेल्या घोड्याच्या चित्राशी ती तीन आठवडे खेळली होती, त्यामुळं हा माणूस तिला क्षणभर उपरा वाटला. भावजयीनं, रूपालीनं, जेवायला वाढलं आणि चार वर्षांचा विषय न काढता मुलीच्या पुण्यातल्या शिक्षणाबद्दल विचारलं. दुपारी दोघं शेतात गेली. पपईची झाडं खांद्याएवढी झाली होती. पाणी वाफ्यातून सरकत होतं. कुंदन पुढं चालत होता, तो बोलला तेव्हाही मागं वळला नाही. नदीकडचे दोन बिघे, तो म्हणाला, तुझ्या नावावर करून देतो, रूपालीला विचारलं आहे, तिचं हो आहे. मग थांबला आणि वळला. "तू सांगशी त्या दिन जाऊत."

हेमांगीच्या तोंडात नको हा शब्द तयार होता. लगेच, गोड, मोठ्या बहिणीचा. त्याच्या मागोमाग हो हाही तयार होता. दोन्ही तिचेच होते आणि दोन्ही फार लवकर आले होते. तिनं नदीकडं पाहिलं. त्या बाजूला कापूस काढून झाला होता, जमीन मोकळी होती, मधे एक चिंचेचं झाड, त्याच्याखाली कोणाची तरी सायकल. दोन बिघे इथून कुठवर जातात, हे तिला माहीत नव्हतं. तिनं त्याला ते विचारलं. त्यानं हातानं दाखवलं. ती बांधावरून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. चपलांना माती लागली. कुंदन तिथंच उभा होता.

"माले इचार करना पडी," ती म्हणाली.

"कितला दिन?"

"माहीत नही."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं वाकून वाफ्याचं तोंड मातीनं बंद केलं आणि दुसरं उघडलं. चारच्या बसला तो तिला पोचवायला आला. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. कंडक्टर खाली चहा पीत होता, बस सुटायला वेळ होता, आणि कुंदन हात मागं बांधून खिडकीखाली उन्हात उभा राहिला. रूपाली घरी थांबली असेल, जनावरांची वेळ झाली असेल, हे तिला माहीत होतं. तिनं त्याला जा म्हटलं नाही.